आस्करप्पा

१९ ऑगस्ट १९७२

माडीवरचे पिंटोसाहेब आज गेले आणि जाताना मासा ठेवून गेले.

बँकेची माणसं, बदली नागपूरला. सगळं सामान ट्रकवर चढलं, काचेची पेटी तेवढी राहिली. साहेब जिन्यात उभे राहून म्हणाले, "शिवबाई, एवढ्या प्रवासात हा मरेल. तुम्ही ठेवा. कायमचा ठेवा." मी म्हटलं, साहेब, आम्ही लिंगायत. आमच्यात अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही, मासा कसा येईल? तर म्हणाले, "खायला कुठं देतोय?" हमालांनी पेटी आणून सोप्यात ठेवली. बुडबुड्यांचं यंत्रही लावून दिलं.

मासा वीतभर. काळा, अंगावर निखारे विखुरल्यासारखे नारिंगी डाग. नाव ऑस्कर. जात सिक्लिड की कायशी. ही जात माणूस ओळखते म्हणे, कुत्र्यासारखी. "बोट फिरवा, मागं येईल. रागावला तर लगेच कळेल." मासा रागावतो म्हणजे करतो काय, हे विचारायचं राहूनच गेलं.

मामा झोपाळ्यावर होते. उठून पेटीपाशी आले, धोतराचा सोगा सावरून वाकले. माशाच्या शेपटीवर एक गोल ठिपका आहे, भोवती नारिंगी कडं, अगदी डोळा वाटावा असा. बराच वेळ बघून म्हणाले, "मागं पण डोळा हाय की ह्याला."

सासरे आपणहून एवढं बोलले, ह्याचंच मला नवल जास्त.

२० ऑगस्ट

काल हे पेढीवरून आले, चपला काढता काढता पेटी बघितली आणि मला म्हणाले, "अप्पांना सांग, हे ध्यान आजच्या आज घराबाहेर गेलं पाहिजे."

अप्पा म्हणजे मामाच, दोन हातांवर बसलेले. मामा मला म्हणाले, "त्याला सांग, आल्या पाहुण्याला कुणी माघारी लावत न्हाय."

मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी आधीच ऐकलेलं असतं, तरी मी सांगेपर्यंत दोघंही थांबतात. मी मध्ये उभी. पोस्टाची पेटी बरी, तिला दोन वेळा तरी कुणी रिकामी करतं.

पाच वर्षं झाली ह्याला. मामा श्रीशैलला गेले होते तेव्हा ह्यांनी अंगणातला लिंब तोडून तिथं न्हाणी बांधली. माझ्या सोयीसाठी, असं म्हणतात. मामा आले, न्हाणी बघितली, "बरं" म्हणाले. मुलाशी बोललेला तो शेवटचा शब्द. तेव्हापासून आंघोळ अंगणात दगडावर, थंडीपावसातसुद्धा. न्हाणीत पाय ठेवलेला नाही. आणि हेही हट्टी, म्हणाले, "त्यांना बोलायचं नसंल तर मला तरी कुठं बोलायचंय."

२७ ऑगस्ट

मामा माशाशी बोलतात!

कानडीत. हळू आवाजात. सकाळी पूजा आटोपली की पाट घेऊन पेटीसमोर बसतात. मी स्वयंपाकघरातून ऐकलं — आज पाऊस नाही, जोंधळा जळतोय, अक्कलकोटकडं काय हाल असतील. मासा समोर येऊन तोंड उघडतो, मिटतो. मामा मध्येच थांबतात, त्याला बोलायला वाव देतात, मग "व्हय की" म्हणतात.

४ सप्टेंबर

नाव ठरलं. मामांना ऑस्कर म्हणता येईना. "आस्कर... आस्कर..." मग म्हणाले, नुसतं नाव कसं, घरातल्या माणसाला मानानं हाक मारावी. आस्करप्पा.

९ सप्टेंबर

आस्करप्पा भाकरी खात नाही. तुकडा तोंडात घेतो, चावल्यासारखं करतो आणि थुंकतो. पोळीही थुंकली. भिजवलेला वाटाणा खातो, पण उपकार केल्यासारखा. साहेब त्याला कोलंबी घालत. आमच्या घरात कोलंबी!

मामांनी फार विचार केला. दोन दिवस झोपाळा हलला नाही. शेवटी माझ्याकडून चुलीचा चिमटा मागून घेतला आणि अंगण उकरायला बसले. गांडुळं. मी तोंडाला पदर लावून उभी. मामा म्हणाले, "आपण काय खात न्हाय. वाढतोय निस्तं. ज्याचा धर्म त्याला."

मला नवा चिमटा आणावा लागणार.

१५ सप्टेंबर

पाऊस नाही तो नाहीच. अंगण दगडासारखं, गांडूळ मिळेना. सगळ्या अंगणात ओल एकाच जागी — न्हाणीचं पाणी जिथून बाहेर येतं तिथं.

मामा तिथपर्यंत गेले. परत आले. झोपाळ्यावर बसले. पुन्हा उठले. पेटीतून आस्करप्पा बघत होता, काचेला नाक लावून.

मग गेलेच. मूठभर गांडुळं घेऊन आले. माझ्यासमोरून जाताना म्हणाले, "तुझ्या नवऱ्याच्या न्हाणीचा एवढा एक तरी उपेग झाला." हे मात्र त्याला सांग म्हणाले नाहीत. मीही सांगितलं नाही.

२ ऑक्टोबर

ह्यांना आज सुट्टी. खिडकी नीट उघडत नव्हती म्हणून शेजारच्या तेलग्याच्या मदतीनं पेटी हातभर सरकवली. मामा तेव्हा मठात होते.

आस्करप्पा तळाशी जाऊन कुशीवर पडला. मेला! असंच वाटलं मला. पण कल्ले हलत होते, डोळा उघडा. वाटाणा टाकला, बघितलासुद्धा नाही.

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. इतके दिवस "ते ध्यान" म्हणणारा माणूस — टॉवेल खांद्यावर टाकून तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर आले, बिचारे सायकलवरून. वाकून बघितलं. म्हणाले, "मी म्हशी बघतो हो. अगदीच झालं तर शेळी." पाणी प्यायले आणि गेले.

मामा आले. एका नजरेत ओळखलं. मला म्हणाले, "त्याला सांग, रुसलाय तो. जिथं होता तिथं ठेव म्हणावं."

तेलगी कामावर गेलेला. म्हणजे अर्धं पाणी काढून पेटी उचलायला घरातलीच दोन माणसं. एका बाजूला मामा, एका बाजूला हे. दोघांनी हात लावले आणि थांबले — उचला, असं म्हणणार कोण? हात पेटीला, दोघांचे डोळे माझ्याकडे. मी पीठ मळता मळता म्हटलं, "उचला." उचलली. "इकडं." आले. "ठेवा." ठेवली.

तासाभरानं आस्करप्पा सरळ झाला. मामांनी दिलेला वाटाणा खाल्ला. ह्यांनी दिलेला थुंकला. ह्यांच्या अंगावर.

८ ऑक्टोबर

हे आता रोज पेढीवर जायच्या आधी वाटाणा घेऊन पेटीसमोर उभे राहतात. आस्करप्पा पाठ फिरवतो. शेपटीवरचा तो डोळा तेवढा ह्यांच्याकडं बघतो.

"हा माझ्यावरच का खार खातो?" मला विचारलं.

मी म्हटलं, घरातल्यांचं बघून शिकला असेल. तर न जेवता गेले.

१९ नोव्हेंबर

ह्यांनी आज आस्करप्पाला पेढीची सगळी हकिगत सांगितली. सुताचे भाव, मालकाचा स्वभाव, कुठला माग बंद पडला. पंचवीस वर्षांत मला एवढं सांगितलेलं नाही. मामा झोपाळ्यावर डोळे मिटून होते. पण झोपाळ्याची कडी वाजत नव्हती. म्हणजे ऐकत होते.

आस्करप्पानं शेवटी वाटाणा घेतला. बोटातून.

हे लहान मुलासारखे हसले. माझ्याकडं बघून नाही, झोपाळ्याकडं बघून. मग लक्षात आलं तसं तोंड फिरवलं.

१० जानेवारी १९७३

पाण्याचं कठीण झालं. नळाला करंगळीएवढी धार, तीही कधी येईल सांगता येत नाही. रांगेत भांडणं. काल दोघींनी एकमेकींच्या घागरी फोडल्या. गावाकडची माणसं खडी फोडायच्या कामावर आहेत, पोरंबाळं घेऊन.

आणि आमच्या सोप्यात दहा घागरी पाणी, एका माशाला. साहेब सांगून गेलेत, आठवड्याला अर्धं पाणी बदला, नाहीतर डोळे पांढरे होतील. मला रांगेत मान वर करवत नाही. दोन बादल्या आंघोळीच्या, एक स्वयंपाकाची, एक प्यायची. त्यातून माशाचं कुठून आणू?

१६ जानेवारी

माशाचं पाणी कुठून येतंय ते कळलं. मामा आंघोळ करत नाहीत. दगड कोरडा. ओलं फडकं अंगावरून फिरवतात, पूजेला बसतात, आणि बादली तशीच्या तशी उचलून पेटीपाशी नेऊन ठेवतात. म्हणाले, "त्याला सांगू नगंस."

१८ जानेवारी

न्हाणीही कोरडी! हे आत जातात, दार लावतात, तांब्या आपटल्याचा आवाज करतात आणि केसांना पाण्याचा हात लावून बाहेर येतात. बादली मागच्या दारानं पेटीपाशी. म्हणाले, "अप्पांना कळू देऊ नको."

आता मी काय करू? दोन न धुतलेली माणसं आणि एक स्वच्छ मासा.

२७ जानेवारी

व्हायचं ते झालं. समोरच्या सोजरबाईनं आळीतल्या बायका गोळा केल्या आणि सगळ्या दारात आल्या. सोजरबाईचा नवरा मिलमध्ये, घरात सात माणसं. तिचं चूक तरी कसं म्हणू?

"शिवबाई, आमची लेकरं तहानेनं रडत्यात आन तुमी माशाला हौद भरून ठेवलाय. लोकाला तोंड दाखवाल का? सोमवारपर्यंत त्यो मासा सिद्धेश्वरच्या तळ्यात सोडा. न्हायतर आमी येऊन सोडतो."

तळ्यात सोडला तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी तव्यावर. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मामा उठले. हेही उठले. दोघंही पेटीच्या दोन बाजूंना जाऊन उभे राहिले, देवळातल्या द्वारपालांसारखे. पण बोलेना कुणी. बोलायचं म्हणजे आधी एकमेकांना विचारायला नको का!

मीच म्हटलं, सोजरबाई, सोमवारी आत या. बघा तरी.

२९ जानेवारी

सोमवार. बायका आल्या. मी सगळ्यांना सोप्यात घेतलं.

सोजरबाई दोन पावलं आली आणि पदर नाकाला लावला. "ह्यो वास माशाचा व्हय?"

मी म्हटलं, नाही. माशाला वास नाही. हा आमच्या माणसांचा.

मग सांगून टाकलं सगळं. दोघांच्या देखत. मामा आंघोळीचं पाणी माशाला घालतात आणि मुलाला सांगू नको म्हणतात. हे आंघोळीचं पाणी माशाला घालतात आणि बापाला सांगू नको म्हणतात. रांगेतली एक घागरसुद्धा जास्त घेतलेली नाही. खोटं वाटत असेल तर जवळ जाऊन बघा.

कुणी जवळ गेलं नाही.

हे भिंतीकडं बघत होते, मामा जमिनीकडं. सोजरबाई आधी ह्यांच्याकडं बघत राहिली, मग मामांच्याकडं, आणि खाली बसून हसायला लागली. हसता हसता डोळ्याला पदर लावला. "लई बगितली येडी," म्हणाली, "पन ही जोडी न्हाय बगितली."

तेवढ्यात आस्करप्पा तिच्यासमोर आला. ती डावीकडं झुकली, तोही डावीकडं. ती उजवीकडं, तोही. तिनं तोंड उघडलं, त्यानं उघडलं.

"ह्यो मला ओळखतोय का गं?"

मी म्हटलं, आता ओळखेल.

शेवटी असं ठरलं — पेटीतून जे अर्धं पाणी काढतो ते मी अंगणात ओतत होते, ते ओतायचं नाही. धुण्याला चालतं. आळीनं पाळीपाळीनं न्यायचं. पहिली पाळी सोजरबाईची.

१२ फेब्रुवारी

आस्करप्पाच्या पाण्यानं गोधड्या निघाल्या. सोजरबाई म्हणते, कपड्याला जरा हिरवट झाक येते पण मळ सुटतो. आता पेटी कधी बदलणार म्हणून बायका मलाच विचारतात. कालच्या पाळीवरून भांडणही झालं.

एक बाई नारळ घेऊन आली होती. मी परत लावली. मासा आहे बाई, म्हटलं, देव नाही. ती म्हणाली, "देव तरी कुटं रोज पाणी देतोय?"

३ मार्च

काय लिहू आज.

मी चुलीपाशी होते. हे जेवून हात पुसत सोप्यात गेले, नेहमीसारखे पेटीसमोर. "आस्करप्पा" म्हणायला लांब पडतं म्हणून हल्ली हे नुसतं "अप्पा" म्हणतात त्याला. वाटाणा हातात घेऊन विचारलं, "अप्पा, जेवला का?"

झोपाळ्यावरून आवाज आला, "जेवलो."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. कढी उतू गेली. उतू जाऊ दिली.

सोप्यात नुसते बुडबुडे. मी दाराआडून बघितलं. हे पाठमोरे, वाटाणा धरलेला हात तसाच वर. मामांचं तोंड लाल झालेलं. आपण काय बोलून बसलो हे त्यांना कळलं होतं. माशाला विचारलेलं होतं हेही कळलं होतं.

हे न वळता म्हणाले, "भाजीत मीठ जास्त झालं होतं."

मामा म्हणाले, "व्हय. जास्तच होतं."

मीठ बरोबर होतं.

४ मार्च

"पाऊस न्हाय." — "नाही." एवढंच दिवसभरात. पण सरळ. माझ्याशिवाय.

२० मार्च

आता थांबतच नाहीत! सकाळी सुरू होतात. गांडुळं कुठं मिळतील, यंत्राचा आवाज बदललाय का, आस्करप्पानं खडे तोंडात धरून इकडचे तिकडं का केले. त्यानं सगळे खडे एका कोपऱ्यात रचले तर ह्यांचं म्हणणं, घर बांधतोय. मामांचं म्हणणं, मन लागत नाही म्हणून. ह्यावर दोन दिवस वाद. आवाज चढले, मला वाटलं पुन्हा पाच वर्षांचा अबोला. पण जेवायला शेजारी शेजारी बसले.

लिंबाचं नाव कुणीच काढत नाही. न्हाणीचंही. मामा आज मात्र न्हाणीत जाऊन आले. कोरडीच आहे, पाणी कुठंय. आत उभे राहिले, भिंतीवर हात फिरवला, छताकडं बघितलं. बाहेर येऊन ह्यांना म्हणाले, "उजेड बरा येतो."

हे पाठ फिरवून उभे राहिले. खांदे हलत होते.

११ एप्रिल

आज दिवसभर मला कुणी काही सांगितलं नाही. अप्पांना सांग नाही, त्याला सांग नाही. दुपारी सवयीनं दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिले. हातात काही नाही, तोंडात निरोप नाही. दोघांनी वर बघितलं. मामा म्हणाले, "काय गं?" मी म्हटलं, काही नाही. दोघं पुन्हा बोलायला लागले.

मला रडू आलं. का ते कळलं नाही.

२९ एप्रिल

मैंदर्गीहून एक बाई बांगड्या विकायला आली होती. तिथं माझी थोरली बहीण असते. विचारलं तर म्हणाली, "नागूबाई का? गुडघ्यानं बसून हाय. लई आठवन काढती."

ह्या पाच वर्षांत मी कुठं गेले नाही. लेकीच्या बाळंतपणाला लातूरला गेले नाही, तिलाच इकडं आणलं. एकदाच गेले होते मैंदर्गीला, दोन दिवस. परत आले तर दुधाचं पातेलं जळून काळं. दूध उतू जाताना दोघांनीही बघितलं होतं, दुसऱ्याला सांगायचं कसं म्हणून दोघंही बसून राहिले. दोघंही उपाशी, कारण जेवायला वाढू का असं कुणी कुणाला विचारायचं! नागूबाईला तेव्हा म्हटलं होतं, ह्यांचं बोलणं सुरू झाल्याशिवाय मी येत नाही. ती म्हणाली, "मग तू येतीस कसली."

६ मे

आज दुपारच्या एस.टी.नं मैंदर्गीला आले. नागूबाईनं दारातच गळ्यात हात टाकले. तिच्या विहिरीला अजून पाणी आहे. किती दिवस राहणार, विचारलं. ठरवलेलं नाही म्हटलं.

निघताना मामा आणि हे अंगणात गांडुळांवरून बोलत होते. मध्ये बोलावंसं वाटलं नाही. पेटीपाशी गेले, आस्करप्पा समोर आला. मी जाते म्हणून त्याला सांगून आले.